गांजा आणि तरुणांची प्रतिकारशक्ती : एका विधानाची परीक्षा

गांजा ओढल्याने तरुणांची रोगप्रतिकारशक्ती नष्ट होते, असे एक विधान अलीकडे ठाण्यापासून कल्याणपर्यंतच्या पट्ट्यात वारंवार वाचावयास व ऐकावयास मिळते. २६ जून हा अमली पदार्थविरोधी आंतरराष्ट्रीय दिन. त्या सुमारास शाळा-महाविद्यालयांतील व्याख्यानांत आणि भिंतींवरील फलकांत ते हटकून येते. याच्या अगदी उलट अंगाचे दुसरे विधान तरुणांच्या आपसांतील बोलण्यात तितक्याच आत्मविश्वासाने फिरत असते. गांजा ही वनस्पती आहे, आयुर्वेदाने तिची दखल घेतली आहे, सबब ती शरीराला बळच देणार, असा त्याचा आशय. दोन्ही विधाने करणाऱ्यांचा हेतू आपापल्या परीने प्रामाणिक असेल. तथापि हेतूचा प्रामाणिकपणा आणि विधानाचा खरेपणा या भिन्न गोष्टी होत. प्रस्तुत लेखात पहिल्या विधानाची परीक्षा करावयाची असून दुसऱ्याचा विचार ओघाने येईल. परीक्षेसाठी दिवा हे गाव डोळ्यांपुढे ठेवले आहे. ते का, हे पुढे स्पष्ट होईल.

प्रथम शब्दाकडे पाहू. 'प्रतिकारशक्ती' हा शब्द मराठीत आता इतका रुळला आहे की त्याच्या घडणीकडे कोणाचे लक्ष जात नाही. 'शक्ती' म्हटले की ती कमी-अधिक होणारी, साठविता येणारी आणि खर्च होणारी वस्तू आहे, अशी कल्पना मनात उभी राहते. जणू शरीरात एक रांजण असून व्यसनाने त्याला भोक पडते आणि काढ्याने तो पुन्हा भरतो. वस्तुतः शरीरात असा रांजण नाही. तेथे आहे ती एक व्यवस्था. रक्तातील श्वेतपेशी, प्लीहा, लसीकाग्रंथी, अस्थिमज्जा, बालपणी मोठी असणारी आणि तारुण्यात आक्रसत जाणारी यौवनलोपी ग्रंथी, फुप्फुसांच्या वायुकोशांत पहारा करणाऱ्या भक्षक पेशी, असे तिचे अनेक घटक आहेत आणि ते परस्परांना चेतवितात तसेच आवरतातही. दाह कमी होणे ही या व्यवस्थेत कधी हानी असते तर कधी उपचार. संधिवाताच्या रुग्णाला नेमका तोच हवा असतो. क्षयाचे जंतू फुप्फुसात दबा धरून बसलेल्या माणसाला तो महागात पडतो. अशा व्यवस्थेविषयी 'वाढली' किंवा 'घटली' एवढेच म्हणणे म्हणजे गावाच्या कारभाराविषयी 'वाढला' किंवा 'घटला' म्हणण्यासारखे आहे. आमचा जुना 'प्रकृती' हा शब्द या दृष्टीने अधिक समंजस होता. एखादी गोष्ट प्रकृतीला मानवते वा मानवत नाही असे आपण म्हणतो, तेव्हा कोणाच्या, कोणत्या वयात आणि कोणत्या परिस्थितीत, हे प्रश्न त्यात आपोआपच येतात.

हा प्रकृतीचा प्रश्न आपल्या देशात फार पूर्वी, आणि आश्चर्य वाटावे इतक्या काटेकोरपणे, विचारला गेला होता. १८९३ साली ब्रिटिश पार्लमेंटात गांजाविषयी प्रश्न निघाल्यावर हिंदुस्थान सरकारने डब्ल्यू. मॅकवर्थ यंग यांच्या अध्यक्षतेखाली एक आयोग नेमला. त्याने मुंबई इलाख्यासह देशभर हिंडून ११९३ साक्षी नोंदविल्या आणि १८९४ मध्ये आपला विस्तृत अहवाल सादर केला. साक्षीदारांना पाठविलेल्या प्रश्नावलीत, नियमित सेवनाने प्रकृती खालावते काय, अन्नावरची वासना जाते काय, आमांश, श्वासनलिकादाह किंवा दमा जडतो काय, असे स्वतंत्र पोटप्रश्न होते. 'प्रतिकारसंस्था' या कल्पनेचा तेव्हा नुकता कोठे उदय होत होता. असे असताही आयोगाचे उत्तर आजच्या बहुतेक फलकांपेक्षा अधिक विवेकी आहे. बेताच्या सेवनाने शारीरिक अपाय जवळजवळ होत नाही. अतिसेवनाने, इतर मादक द्रव्यांप्रमाणेच, प्रकृती क्षीण होऊन माणूस रोगांना अधिक सहज बळी पडतो. दमा यामुळे होत नाही. आमांश झालाच तर तो क्षीणतेच्या वाटेने, अप्रत्यक्ष. आणि श्वासनलिकादाह होऊ शकतो, पण तो मुख्यतः छातीत ओढलेल्या धुरामुळे. ही सारी मांडणी आयोगाने करून ठेवली आहे. यातील शेवटचा भेद महत्त्वाचा आहे. द्रव्याचा परिणाम वेगळा आणि धुराचा वेगळा, हे १८९४ साली ज्यांना कळले होते त्यांचे म्हणणे आपण सव्वाशे वर्षांनंतर एका सरसकट वाक्यात बुडवून टाकले आहे.

अर्थात हा आयोग म्हणजे सत्याचा निर्भेळ झरा होता असे नव्हे. गांजावरील अबकारी उत्पन्न सरकारला प्रिय होते. सातारा व अहमदनगर (आजचा अहिल्यानगर) या जिल्ह्यांत त्या काळी गांजाची परवानायुक्त लागवड होत असे. बंदी नको असा निष्कर्ष निघणे राज्यकर्त्यांच्या सोयीचेच होते. शिवाय 'बेताचे' आणि 'अति' यांतील सीमारेषा साक्षीदारांच्या मर्जीवर सोडलेली दिसते. परंतु अहवालाचा एक भाग असा आहे की त्यापुढे ही टीका निष्प्रभ ठरावी. वेड्यांच्या इस्पितळांतील नोंदवह्यांत तेव्हा 'कारण' असा एक रकाना असे, आणि अनेक रुग्णांपुढे त्यात 'गांजा' असे लिहिलेले असे. आयोगाने १८९२ सालच्या १३४४ दाखल रुग्णांची प्रकरणे मागवून एकेकाचा माग काढला. २२२ जणांच्या वेडाचे कारण गांजा, भांग वा चरस असे दाखविले होते. चौकशीअंती त्यांपैकी केवळ ९८ प्रकरणे टिकली, आणि त्यांतही ३७ मध्ये इतर कारणे मिसळलेली होती. बाकीच्यांचे काय? रुग्णाला आणणाऱ्या पोलिसाने 'ओढत असे' म्हणून सांगितले, कारकुनाने ते रकान्यात उतरविले आणि रकाना भरल्यामुळे कोणी पुढे चौकशी केली नाही. ठाण्याचे मनोरुग्णालय यानंतर, १९०१ साली निघाले. तेव्हा त्याच्या नोंदवह्या या तपासणीत सापडण्याचा प्रश्न नव्हता. पण रकाना भरला की विचार थांबतो ही गोष्ट कोणत्याही एका इस्पितळापुरती किंवा एका शतकापुरती नाही, आणि या लेखाचा रोख तिच्यावरच आहे.

आता प्रयोगशाळेकडे वळू. गांजातील मुख्य मादक द्रव्य, टेट्राहायड्रोकॅनाबिनॉल, १९६४ साली इस्राएलमध्ये गाओनी व मेखूलम यांनी शुद्ध स्वरूपात वेगळे केले. त्यानंतर दहा वर्षांनी, १९७४ मध्ये, गाब्रिएल नाहास व त्यांच्या सहकाऱ्यांनी 'सायन्स' या अमेरिकन नियतकालिकात एक निबंध प्रसिद्ध केला. गांजा ओढणाऱ्या ५१ तरुणांच्या रक्तातील लसीकापेशी चेतविल्या असता त्या अपेक्षेइतक्या वाढत नाहीत. त्यांचा मंदपणा, ज्यांची पेशीजन्य प्रतिकारक्षमता खालावल्याचे ठाऊकच आहे अशा रुग्णांच्या पेशींसारखा आहे, असे त्यात म्हटले होते. 'गांजाने प्रतिकारशक्ती नष्ट होते' या आजच्या विधानाचे मूळ बहुधा येथेच सापडेल. पण त्याच वर्षी त्याच नियतकालिकात सिल्व्हरस्टाइन व लेसिन यांनी निराळी परीक्षा केली. त्यांनी पेशी काचपात्रात न पाहता नेहमी ओढणाऱ्यांच्या त्वचेवर चेतक द्रव्य लावले, आणि त्यांची प्रतिक्रिया निरोगी माणसांसारखीच आढळली. १९७५ मध्ये व्हाइट आणि सहकारी यांनी नाहास यांच्याच धर्तीवर १२ निरोगी गांजेकसांच्या पेशी तपासल्या. त्यांना फरक दिसला नाही. पहिला निबंध गाजला, पुढचे दोन विस्मरणात गेले. भीती घालणारे संशोधन स्मरणात राहते आणि धीर देणारे राहत नाही, हा काही केवळ आपल्याकडचा दोष नाही.

मात्र यावरून गांजा आणि प्रतिकारसंस्था यांचा संबंधच नाही असे कोणी म्हणू लागेल तर तेही चुकेल. संबंध आहे, आणि तो खोलवरचा आहे. १९९० साली मेंदूत, आणि १९९३ साली प्लीहेत व श्वेतपेशींत, या द्रव्याला जणू कुलपाने किल्ली स्वीकारावी तसे स्वीकारणारे ग्राही ओळखले गेले. दरम्यान १९९२ मध्ये शरीर स्वतःच अशा जातीचे एक द्रव्य तयार करते हे सिद्ध झाले, आणि शोधकांनी त्याचे नाव आपल्या 'आनंद' या संस्कृत शब्दावरून ठेवले. म्हणजे श्वेतपेशींवर या किल्लीसाठी कुलूप आहे हे निश्चित. उंदरांना हे द्रव्य टोचले असता लीजिओनेला या फुप्फुसदाह करणाऱ्या जंतूशी लढण्याची त्यांची क्षमता उणावते, हे फ्लॉरिडातील प्रयोगांनी १९९० नंतरच्या वर्षांत दाखविले. पण टोचलेले द्रव्य आणि ओढलेला झुरका, उंदीर आणि मुलगा, यांमधील अंतर तोडण्यास केवळ उत्साह पुरत नाही. अमेरिकेतील राष्ट्रीय विज्ञान अकादमीच्या समितीने २०१७ साली उपलब्ध पुराव्याचा आढावा घेतला तेव्हा तिने जपूनच लिहिले. निरोगी माणसांत दाह चेतविणारी काही द्रव्ये कमी प्रमाणात निर्माण होत असल्याचा मर्यादित पुरावा आहे. त्यापलीकडे प्रतिकारपेशींवर अपायकारक परिणाम होतो असे म्हणण्यास पुरावा अपुरा आहे. 'नष्ट होते' आणि 'मर्यादित पुरावा आहे' यांतील फरक ज्यांना नगण्य वाटतो, त्यांनी शास्त्राच्या नावाने बोलू नये.

रक्ताविषयी असा संदेह असला तरी फुप्फुसाविषयी तो बराच कमी आहे. १९८८ मध्ये लॉस एंजल्स येथील टॅशकिन यांच्या गटाने गांजा आणि तंबाखू यांच्या धुराची तुलना केली. गांजेकस धूर खोल ओढतो आणि दाबून धरतो. त्यामुळे तंबाखूच्या मानाने सुमारे तिप्पट डांबर आत जाते आणि आत गेलेल्यापैकी अधिक भाग तेथेच राहतो, असे आढळले. १९९७ मध्ये त्याच गटाने ओढणाऱ्यांच्या वायुकोशांतील भक्षक पेशी धुऊन काढल्या व तपासल्या. या पेशी जंतूंना गिळण्यात व मारण्यात उण्या पडत होत्या, आणि ज्याला ट्यूमर-नेक्रोसिस फॅक्टर म्हणतात ते द्रव्यही त्या कमी बनवीत होत्या. नुसती तंबाखू ओढणाऱ्यांच्या पेशींत हे दोष त्या प्रमाणात नव्हते. आता हे द्रव्य क्षयाच्या जंतूंना फुप्फुसात कोंडून ठेवण्यास अत्यावश्यक आहे, ही गोष्ट वेगळ्याच वाटेने सिद्ध झालेली आहे. संधिवातासाठी ते द्रव्य निष्प्रभ करणारी औषधे २००० च्या सुमारास वापरात आली, तेव्हा काही रुग्णांत सुप्त क्षय उसळून आला. या दोन गोष्टी जोडून गांजाने क्षय जागृत होतो असे म्हणणे हा तर्क होईल, सिद्धान्त नव्हे. परंतु तर्क असला तरी तो योग्य अवयवाकडे बोट दाखवितो. आयोगाने १८९४ मध्ये 'मुख्यतः धुरामुळे' म्हटले होते, त्याच अवयवाकडे.

तरुण वयाचा मुद्दा फलकवाले उगाच घालीत नाहीत. किशोरवयीन उंदरांना हे द्रव्य दिले असता तत्काळ दाह दबतो, पण ते प्रौढ झाल्यावर उलट दिशेला झोक जाऊन दाह वाढलेला राहतो, असे मिलान येथील संशोधकांना आढळले आहे. म्हणजे घडत असलेल्या व्यवस्थेला लागलेला धक्का घडून गेलेल्या व्यवस्थेपेक्षा निराळा असतो, असे मानण्यास आधार आहे. पण येथेही 'घटली' हा शब्द कामाचा नाही, कारण जे आढळले ते घटणे नव्हे, भरकटणे होय. याहूनही साधी आणि कितीतरी अधिक पक्की गोष्ट अशी की, क्षय लहान मुलांत पाच ते दहा या वयात तुलनेने कमी दिसतो आणि वयात येण्याच्या काळात त्याचे प्रमाण झपाट्याने वाढते. ज्या वयात पहिली चिलीम हाती येते तेच हे वय.

दिव्याचा विचार येथे करावा लागतो. मुंब्रा आणि कोपर यांच्या मधले हे जंक्शन; येथून वसईला, पनवेलला आणि कोकणाकडे गाड्या फुटतात. आगरी-कोळ्यांच्या वस्तीचे, दातिवली, आगासन, साबे यांच्या शेजारचे हे खाडीकाठचे गाव. भातखाचरे बुजून तेथे चाळी आणि दाटीने उभ्या राहिलेल्या इमारती आल्या. मुंबईत व ठाण्यात घर न परवडणारा नोकरदार आणि मजूर येथे येऊन राहिला. ठाणे महापालिकेचा कचरा वर्षानुवर्षे येथील क्षेपणभूमीवर पडत होता आणि त्याचा धूर गावाने सोसला. एका खोलीत पाच-सहा माणसे, सकाळच्या लोकलच्या डब्यात छातीला छाती, आणि संध्याकाळी मित्रांसह बसण्यास कोपऱ्याखेरीज जागा नाही. दिव्यातील तरुण इतरांहून अधिक व्यसनी आहेत असे येथे सुचवावयाचे नाही. तसे म्हणण्यास आधार नाही आणि तसे म्हणणे अन्यायाचे होईल. म्हणावयाचे ते इतकेच की, ज्या गावात हवाच सामाईक आहे तेथे धुराचा प्रश्न एकट्याच्या रक्तातील पेशींचा राहत नाही.

चिलीम ही एकट्याने ओढावयाची वस्तूच नाही. 'चिलीमछापी' हा जोडशब्द मराठीत रूढ आहे आणि ओली छापी चिलमीबरोबर हातोहात फिरते, हे त्या शब्दातच सामावलेले आहे. बंद खोलीत बसून, दारे लावून, एकच चिलीम चौघे-पाचजण ओढतात, दम धरतात आणि खोकतात. गांजात तंबाखू मिसळण्याची रीत आपल्याकडे सर्रास असल्याने तंबाखूचा दोष वेगळा मोजणेही कठीण. आणि तंबाखू क्षयाला पोषक आहे याविषयी वाद उरलेला नाही. ऑस्ट्रेलियात ब्रिस्बेन येथील डॉक्टरांनी २००३ मध्ये एकाच पाणनळीतून गांजा ओढणाऱ्यांच्या टोळक्यात पसरलेल्या क्षयाचे वर्णन प्रसिद्ध केले. अमेरिकेत सिॲटल येथे २००४ साली असाच एक उद्रेक झाला. तेथील तरुण काचा वर करून मोटारीत बसत आणि धूर वाया जाऊ नये म्हणून तीच हवा पुनःपुन्हा घेत. या दोन्ही ठिकाणी प्रतिकारसंस्था किती दुबळी झाली होती हा प्रश्न गौण ठरला. जंतूने एका छातीतून दुसऱ्या छातीत जाण्यास जी वाट हवी होती ती मैफलीने दिली. आपल्या फलकांवर कवटी असते, हाडे असतात, 'प्रतिकारशक्ती' हा शब्द ठळक असतो. पण एकच चिलीम अनेकांनी ओढू नये, किंवा बंद खोलीत खोकणाऱ्याशेजारी बसू नये, असे एक अक्षर नसते. तसे लिहिले तर ओढण्यास परवानगी दिल्यासारखे होईल अशी भीती असावी. ती समजण्यासारखी असली तरी तिची किंमत दुसऱ्या कोणाच्या फुप्फुसाने चुकवावी लागते.

याहून मोठे नुकसान त्या सरसकट विधानाने होते ते असे. राष्ट्रीय क्षयरोग निर्मूलन कार्यक्रमाचा साधा नियम आहे की खोकला दोन आठवड्यांहून अधिक टिकला तर थुंकीची तपासणी करावी. तपासणी व औषधे दोन्ही विनामूल्य आहेत, आणि दिव्याहून कळव्याचे महापालिका रुग्णालय लोकलने दोन स्थानकांवर आहे. पण एकोणीस वर्षांचा मुलगा खोकू लागला आणि तो ओढतो हे घरात ठाऊक असले, तर खोकल्याचे कारण घरातच ठरते. 'ओढतोस ना, मग खोकणारच.' वजन घटले तर तेही गांजानेच, संध्याकाळची कसर तीही गांजानेच, कारण गांजाने प्रतिकारशक्ती जाते असे फलकावर लिहिलेले आहे. मुलगाही ते मान्य करतो, किंवा मान्य न करता गप्प राहतो. १८९२ च्या नोंदवहीतील तो 'कारण' रकाना येथे पुन्हा भरला जातो आणि थुंकीची डबी कोरीच राहते. दुसऱ्या बाजूने, त्याचा मित्र चार वर्षे ओढूनही धडधाकट असतो; त्याला पाहून फलक खोटा आहे असे ठरते, आणि मग फलकावरचे जे खरे आहे त्यावरही विश्वास उरत नाही.

गांजा निसर्गदत्त म्हणून बलदायी, हे उलट बाजूचे विधानही याच शब्दाच्या आधाराने उभे आहे. 'शक्ती' कमी होते असे एकाने म्हटले की दुसऱ्याला ती वाढते असे म्हणण्याची मुभा मिळते. आयुर्वेदाचा आधार घेणाऱ्यांनी शार्ङ्गधरसंहिता उघडून पाहावी. तेथे भांग अफूच्या शेजारी, 'व्यवायी' द्रव्याचे उदाहरण म्हणून येते. म्हणजे पचण्यापूर्वीच सर्व शरीरात पसरणारे द्रव्य. हा गुणधर्म सांगितला आहे, प्रशस्ती केलेली नाही. शिवाय घोटून प्यालेली भांग आणि ओढलेला गांजा यांचा मार्गच वेगळा. १९८५ च्या अमली पदार्थ कायद्यानेही पानांपासूनची भांग आपल्या व्याख्येबाहेर ठेवून गांजा व चरस यांना आत घेतले आहे. फुप्फुसापुरते बोलावयाचे तर हा भेद अर्थपूर्ण आहे. मेंदूपुरते तो तितका नाही.

अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेच्या २०१९ मधील राष्ट्रीय पाहणीत १० ते ७५ वयोगटातील सुमारे २.८ टक्के लोक भांग, गांजा वा चरस यांपैकी काहीतरी सेवन करीत असल्याचे दिसले. गांजा-चरस घेणारे त्यांत सुमारे १.३ कोटी. इतकी माणसे खोकला घेऊन कधी ना कधी डॉक्टरांपुढे बसणारच. तेथे 'ओढतोस का' हा प्रश्न बहुधा दटावणीच्या सुरात विचारला जातो आणि त्याचे उत्तर 'नाही' असेच येते, कारण कायद्याची भीती खरी आहे. याच १९८५ च्या कायद्यात पुढे घातलेल्या ६४-अ या कलमाने, स्वतःहून उपचार घेणाऱ्या व्यसनाधीनाला सेवनाच्या व अल्प प्रमाणाच्या गुन्ह्यासाठी खटल्यापासून संरक्षण मिळू शकते; ही तरतूद फलकावर छापण्यास कवटीपेक्षा कमी जागा लागेल. डॉक्टरांचा दुसरा प्रश्न 'कोणाबरोबर ओढतोस' हा असावा. त्याचे उत्तर मिळाले तर त्या कोपऱ्यातील आणखी चौघांच्या थुंकीची तपासणी होऊ शकेल. ते मिळण्यासाठी विचारणाऱ्याने आपल्या मनातला रकाना कोरा ठेवावा लागतो.